ऑटोवर ठेवलं तरी १०८० सोडतच नाही, मग फिरणारं चक्र: एचएलएस.जेएस

अर्धविराम यांचा प्रश्न

आमच्याकडे प्रशिक्षणाचे व्हिडिओ एका साध्या पानावर दाखवतो. व्हिडिओ टॅग आणि एचएलएस.जेएस (एचएलएस पद्धतीचे, म्हणजे तुकड्यातुकड्याने येणारे व्हिडिओ ब्राउझरमध्ये चालवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी), मोठा तयार प्लेअर वगैरे काही नाही. प्रत्येक व्हिडिओचे चार दर्जे बनवलेत: ३६० (८०० केबीपीएस, म्हणजे सेकंदाला किलोबिट), ४८० (१४००), ७२० (२५००) आणि १०८० (४५००). सेगमेंट, म्हणजे व्हिडिओचे तुकडे, ६ सेकंदांचे.

चांगल्या वायफायवर झकास चालतं. एका शाखेतली लाइन जेमतेम ३ एमबीपीएसची आहे, तिथे रडगाणं. मेनूत 'ऑटो (१०८०)' दिसतं आणि दर थोड्या वेळाने चक्र फिरायला लागतं. ऑटो असूनही खाली का उतरत नाही?

करून पाहिलेलं:

मॅक्सबफरलेंग्थ (किती सेकंदांचं चित्र बफरमध्ये, म्हणजे आगाऊ साठ्यात, भरून ठेवायचं) ३० वरून १२० केलं. काडीचा फरक नाही. स्टार्टलेव्हल (सुरुवातीचा दर्जा) ० केलं, तर पहिला सेगमेंट ३६०चा आणि दुसरा थेट १०८०. सुरुवातीचा बँडविड्थ-अंदाज मुद्दाम कमी दिला, तेच. कन्सोलमध्ये बफरस्टॉल्डएरर (बफर आटून अडल्याची चूक) येतो, पण त्यात फेटल 'फॉल्स', म्हणजे जीवघेणी नाही, असं असतं, म्हणून दुर्लक्ष केलं. नेटवर्क टॅबमध्ये एक गंमत दिसते. १०८०चा एखादा सेगमेंट मध्येच रद्द होतो, एक ७२०चा येतो, आणि पुढचा लगेच पुन्हा १०८०चा.

एका जुन्या आयफोनवर त्याच लाइनला पाहिलं. तिथेही असंच अडखळतं.

आणखी एक. मेनूतून हाताने दर्जा बदलला की चित्र क्षणभर गोठतं आणि पुन्हा लोड होतं. हे असंच असतं का?

---

चौकट

कॅपलेव्हलटूप्लेअरसाइझ (प्लेअरच्या आकारापेक्षा मोठा दर्जा न घेणं) 'ट्रू' करून बघा. तुमचा प्लेअर पानावर ६४० पिक्सेल रुंद असेल तर १०८० कशाला हवंय? ते बाय डिफॉल्ट बंद असतं.

नाहीच जमलं तर सरळ डॅशवर (एचएलएससारखीच दुसरी पद्धत) जा आणि शाका प्लेअर घ्या. माझ्या अनुभवात त्याचं ऑटो जास्त समजूतदार आहे.

---

पडद्यामागे

चौकट, पहिली सूचना चांगली आहे, ती पुढेमागे करावीच. पण त्याने आजार झाकला जाईल. पूर्ण पडदा केला की पुन्हा तेच चक्र. आणि प्लेअर बदलणं म्हणजे साप सोडून भुई धोपटणं. का ते सांगतो.

अर्धविराम, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती आयफोनची. जुन्या आयफोनवर एचएलएस.जेएस चालतच नाही. त्याला मीडिया सोर्स एक्स्टेन्शन्स (जावास्क्रिप्टने व्हिडिओचा डेटा भरवायची ब्राउझरची सोय) लागतात आणि आयफोनच्या सफारीत ती नव्हती. आयओएस १७.१ पासून मॅनेज्ड मीडिया सोर्स आलं, तेव्हा कुठे दार उघडलं. म्हणजे तिथे तुमचा कोड प्लेलिस्टचा (सेगमेंटची यादी असलेल्या फाइलचा) पत्ता थेट व्हिडिओ टॅगला देतो आणि बाकीचं काम फोनचा स्वतःचा प्लेअर करतो. दोन वेगळे प्लेअर, दोघांचं गणित वेगळं, आणि दुखणं एकच. मग दोघांमध्ये सामाईक काय? प्लेलिस्ट आणि सेगमेंट.

दोन गोष्टी इथे टाका. मास्टर प्लेलिस्टमधल्या (सगळ्या दर्जांची यादी असलेल्या फाइलमधल्या) चारही दर्जांच्या ओळी जशाच्या तशा, आणि त्या संथ लाइनवर अर्धा मिनिट चालल्यावर एचएलएस ऑब्जेक्टचं बँडविड्थएस्टिमेट (वेगाचा अंदाज) किती दाखवतं तो आकडा. त्याआधी सल्ला देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

---

अर्धविराम

अंदाज २९ लाखांच्या आसपास येतो, म्हणजे २.९ एमबीपीएस. मला तर तो बरोबरच वाटला, म्हणून अजूनच बुचकळ्यात पडलो.

मास्टर प्लेलिस्ट आमच्या आधीच्या कंत्राटदाराने लिहिलेली स्क्रिप्ट बनवते. चार ओळींतला मजकूर असा:

बँडविड्थ=८००, रेझोल्यूशन=६४०×३६०
बँडविड्थ=१४००, रेझोल्यूशन=८५४×४८०
बँडविड्थ=२५००, रेझोल्यूशन=१२८०×७२०
बँडविड्थ=४५००, रेझोल्यूशन=१९२०×१०८०

---

पडद्यामागे

सापडलं. तीन शून्यं कमी आहेत.

बँडविड्थ हा आकडा बिट प्रति सेकंद असाच द्यायचा असतो, किलोबिटमध्ये नाही. आरएफसी ८२१६ या एचएलएसच्या दस्तऐवजात (२०१७) तसं स्वच्छ लिहिलंय, आणि वर हेही की तो सरासरी नव्हे तर सर्वाधिक सेगमेंट-बिटरेट असावा. तुमची प्लेलिस्ट प्लेअरला सांगते की १०८० साठी सेकंदाला साडेचार हजार बिट लागतात. हाताशी २९ लाख आहेत. तो १०८० का सोडेल? त्याच्या लेखी लाइनीत सहाशेपट जागा मोकळी आहे. प्लेअर चित्राकडे बघत नाही. आत ७२० आहे की १०८०, त्याला किती वजन आहे, यातलं काही त्याला आपणहून कळत नाही. मोजलेला वेग आणि प्लेलिस्टमधला आकडा, एवढंच त्याच्यासमोर असतं.

आता तुमची सगळी लक्षणं या एका ओळीतून कशी निघतात ते बघा, कारण मजा तिथेच आहे.

स्टार्टलेव्हल ० दिल्यावर पहिला सेगमेंट ३६०चा आला, कारण तुम्ही सांगितलंत. दुसऱ्यापासून ऑटो सुरू, म्हणून थेट वर.

सुरुवातीचा अंदाज कमी केलात. मूळचा ५ लाख असतो. समजा तुम्ही १ लाख दिलात. तरी साडेचार हजारांच्या तुलनेत तो डोंगरच. शिवाय एक-दोन सेगमेंट आले की खऱ्या मोजमापापुढे तो अंदाज मागे पडतो.

रद्द झालेला १०८० आणि मग एकटाच ७२०: सेगमेंट उतरत असताना एचएलएस.जेएस सेकंदातून दहादा तपासतं की हा वेळेत येणार का, की त्याआधी बफर संपणार. संपणार असं दिसलं तर चालू डाउनलोड सोडून खालचा दर्जा घेतं. हे गणित डोळ्यांसमोरच्या बाइट्सवर चालतं, म्हणून तिथे त्याला संकट बरोबर ओळखता येतं. पण खाली किती उतरायचं हे ठरवताना पुन्हा प्लेलिस्टचा आकडा घेतो. ७२० साठी म्हणे २५०० बिट पुरतात, मग त्याच्याही खाली कशाला जायचं? एक ७२० आणतो, संकट टळलं असं समजून परत वर. तुम्ही जिला गंमत म्हणालात ती ही.

खऱ्या हिशेबात ६ सेकंदांचा १०८०चा सेगमेंट म्हणजे २.७ कोटी बिट, ३.४ एमबीच्या आसपास. तुमच्या लाइनीवर तो यायला नऊ सेकंदांहून जास्त लागतात. सहा सेकंदांचं चित्र दाखवायला नऊ सेकंद. चक्र फिरणारच.

आता मॅक्सबफरलेंग्थ. ३० चं १२० केलंत आणि काही झालं नाही, कारण तो आकडा तुमच्याकडे लागूच होत नव्हता. एचएलएस.जेएस पुढचं किती भरून ठेवायचं ते असं ठरवतं: मॅक्सबफरसाइझ (मूळचं ६ कोटी बाइट) गुणिले ८, भागिले दर्जाचा बिटरेट. जे सेकंद येतील ते आणि मॅक्सबफरलेंग्थ यांतलं जे मोठं ते, फक्त मॅक्समॅक्सबफरलेंग्थच्या ६०० सेकंदांपलीकडे नाही. ४८ कोटी भागिले ४५०० केलं तर एक लाख सेकंदांच्या वर जातं, म्हणून तुमचं लक्ष्य कायम ६०० सेकंद. बरोबर आकडा असता तर ४८ कोटी भागिले ४५ लाख, म्हणजे १०७ सेकंद.

याचा अर्थ तुमच्या 'झकास' वायफायवरही सगळं आलबेल नाही. तिथे प्लेअर दहा मिनिटांचा १०८० आगाऊ भरायला बघतोय, म्हणजे ३३० एमबीच्या वर. माणूस दोन मिनिटांत पान बंद करतो आणि बाकीचा डेटा पाण्यात. त्या लोकांच्या कन्सोलमध्ये बफरफुलएरर येत असणार, बघाच. सोर्सबफर (ब्राउझरमधला व्हिडिओचा साठा) भरला की ब्राउझर अपेंडबफरला (त्यात डेटा घालणाऱ्या फंक्शनला) कोटा संपल्याची चूक फेकतो आणि एचएलएस.जेएस मुकाट्याने लक्ष्य कमी करत बसतं.

दुरुस्ती करताना नुसती तीन शून्यं चिकटवू नका. ४५०० हा तुम्ही एन्कोडरला सांगितलेला व्हिडिओचा बिटरेट आहे. त्यात आवाज नाही, कंटेनरचा (चित्र-आवाज एकत्र बांधणाऱ्या आवरणाचा) खर्च नाही, आणि धावपळीच्या दृश्यात एन्कोडर वर जातो तेही नाही. प्रत्येक सेगमेंटचा बाइट आकार घ्या, गुणिले ८, भागिले त्याच्या एक्स्टइन्फमधले (प्लेलिस्टमध्ये सेगमेंटची लांबी सांगणाऱ्या ओळीतले) सेकंद. सगळ्यांत मोठा येईल तो बँडविड्थ, सरासरी येईल ती ॲव्हरेज-बँडविड्थ. एखादा सेगमेंट ३.९ एमबीचा निघाला तर ५२ लाख लिहायचे, ४५ नाही. ॲपलच्या मार्गदर्शक नियमांत व्हीओडीसाठी (थेट प्रक्षेपण नव्हे, साठवलेल्या व्हिडिओंसाठी) शिखर हे सरासरीच्या दुपटीपलीकडे नसावं असं म्हटलंय. तुमचं त्याहून फुगत असेल तर एन्कोडिंगच्या वेळी मॅक्सरेट आणि बफसाइझ या मर्यादा लावा.

हे झालं की शाखेतल्या लाइनीवर काय दिसेल तेही सांगून ठेवतो, नाहीतर पुन्हा 'बिघडलंय' म्हणून याल. मोजलेल्या वेगापैकी वर चढताना फक्त ०.७ धरतात, आहे तिथे टिकताना ०.९५. २.९ चा ०.७ म्हणजे २.०३. ७२०चं शिखर आवाज धरून २७ लाख निघालं असं समजा. तर ४८० वरून ७२० वर तो चढणार नाही, पण कुठल्याशा कारणाने ७२० वर असलाच तर २.७५ मध्ये कसाबसा टिकून राहील. त्यामुळे एकाच लाइनीवर दोन माणसांना दोन दर्जे दिसू शकतात. हे मुद्दाम केलेलं आहे, नाहीतर दर सेगमेंटला वरखाली झालं असतं. मोजणीतही एक चटकन बदलणारी आणि एक सावकाश बदलणारी अशा दोन सरासऱ्या चालतात आणि त्यांतली लहान धरतात. म्हणून वेग पडला की तो लगेच घाबरतो, वाढला की उशिरा विश्वास ठेवतो. मला हा स्वभाव आवडतो.

---

सावकाश

वरचं सगळं पटलं. तपासताना एक खड्डा टाळा, म्हणून लिहितोय.

दुरुस्त प्लेलिस्ट टाकून स्वतःच्या मशीनवर वेग मर्यादित करून बघाल, तेव्हा डेव्हलपर टूल्समध्ये कॅश बंद केलीय ना ते आधी पाहा. आधी पाहिलेले सेगमेंट डिस्कवरून क्षणात येतात आणि वेगाचा अंदाज आभाळाला भिडतो. मग प्लेअर ऐटीत १०८० मागतो, पुढचा सेगमेंट कॅशमध्ये नसतो, आणि तुम्ही पुन्हा इथे. सर्व्हिस वर्कर (पानामागे चालणारी स्क्रिप्ट) सेगमेंट साठवत असेल तर हे खऱ्या प्रेक्षकालाही होतं.

आणि ज्यांचे सेगमेंट वेगळ्या डोमेनवर आहेत त्यांच्यासाठी: 'सफारीत चालतं, क्रोममध्ये नाही' ही तक्रार बहुतेकदा कोडेकची (व्हिडिओ दाबायच्या पद्धतीची) नसते, कॉर्सची (दुसऱ्या डोमेनवरून फाइल मागवायच्या परवानगीची) असते. एचएलएस.जेएस फाइली जावास्क्रिप्टमधून मागवतं, म्हणून ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन हेडर लागतो. सफारीचा स्वतःचा प्लेअर तो मागत नाही. हेडर प्लेलिस्टवर ठेवून सेगमेंटवर विसरणारे तर पैशाला पासरी.

---

अर्धविराम

पडद्यामागे, दंडवत. स्क्रिप्टमध्ये आकडे सेगमेंटवरून मोजून घातले. शाखेत आता ४८० वर शांतपणे चालतंय, चक्र गेलं. वायफायवाल्यांच्या कन्सोलमध्ये बफरफुलएरर खरंच होते, आता नाहीत. आयफोनही सुधारला.

एक राहिलं. दर्जा आपोआप बदलतो त्या क्षणी कधीकधी बारीक झटका बसतो, चित्र एखाद-दोन फ्रेम मागे गेल्यासारखं. सगळ्या व्हिडिओंत नाही. मोजताना दिसलं की ६ सेकंदांचे सेगमेंट मागितले असूनही एक्स्टइन्फमध्ये ६.४८, ९.१२, ७.०४ असले आकडे आहेत, आणि ३६०चे आकडे १०८०च्या आकड्यांशी जुळत नाहीत. याचा संबंध आहे का?

---

पडद्यामागे

आहे, आणि तो झटका त्याचाच.

एफएफएमपेग (व्हिडिओ एन्कोड करणारा आणि कापणारा प्रोग्रॅम) ६ सेकंदांवर कात्री चालवत नाही. ६ सेकंदांनंतरची पहिली की-फ्रेम (आधीच्या फ्रेमवर न विसंबणारं पूर्ण चित्र) येते तिथे चालवतो. एक्स२६४ ला (व्हिडिओच्या एन्कोडरला) काही सांगितलं नाही तर दोन की-फ्रेममधलं अंतर जास्तीत जास्त २५० फ्रेम, म्हणजे २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम) १० सेकंद, आणि मध्ये दृश्य बदललं असं त्याला वाटलं की तो जास्तीची टाकतो. दृश्य बदललं की नाही हे तो प्रत्येक आकारासाठी स्वतंत्र ठरवतो. चार दर्जे चार वेगळ्या कमांडने काढले की चौघांच्या कात्र्या चार ठिकाणी. जिथे वक्ता एकाच जागी उभा राहून बोलतो ते व्हिडिओ तुम्हाला बरे वाटत असतील, स्लाइड पटापट बदलणारे वाईट.

प्लेअर ४८०चा सेगमेंट २४.१ सेकंदांवर संपवतो आणि ७२०चा पुढचा मागतो, तर तो सुरू होतो २२.७ ला. दोन्ही एकमेकांवर येतात. सोर्सबफर नवीन फ्रेम जुन्यांवर लिहितो आणि जोड दिसते. शिवाय तेवढा डेटा दोनदा उतरतो.

यावर इलाज एन्कोडिंगमध्येच. चारही दर्जांना एफपीएस एकच ठेवा. जी ५० आणि कीइंट-मिन ५० (दोन की-फ्रेममधलं जास्तीत जास्त आणि कमीत कमी अंतर) द्या, एससी-थ्रेशोल्ड ० (दृश्य बदलल्यावरची जास्तीची की-फ्रेम बंद) करा. २५ एफपीएसला दर २ सेकंदांनी की-फ्रेम येईल आणि ६ ला बरोबर भाग जाईल. मूळ व्हिडिओंचा एफपीएस वेगवेगळा असेल तर फ्रेम मोजण्याऐवजी फोर्स-की-फ्रेम्सला वेळेचं सूत्र द्या, दर २ सेकंदांनी. मग चारही प्लेलिस्टमध्ये ६.००, ६.००, ६.०० दिसलं पाहिजे. शेवटचा तुकडा सोडून.

आवाजाचं मात्र इतकं तंतोतंत कधीच जमणार नाही, तिथे डोकं फोडू नका. एएसीची (आवाजाच्या कोडेकची) एक फ्रेम १०२४ सॅम्पलची. ४८ किलोहर्ट्झला ६ सेकंदांत २८१.२५ फ्रेम बसतात आणि पाव फ्रेम कापता येत नाही. म्हणून आवाजाची कड चित्राच्या कडेपेक्षा काही मिलिसेकंद पुढेमागे राहते. एवढी फट प्लेअर सहज पार करतो.

मेनूचा प्रश्न राहिलाच होता. तुम्ही करंटलेव्हल बदलताय ना? ते 'आत्ताच्या आत्ता' असतं. भरलेला सगळा बफर ओतून देतं आणि चालू जागेपासून नव्याने भरतं, म्हणून चित्र गोठतं. नेक्स्टलेव्हल वापरा. चालू सेगमेंट पुरा होऊ देतं आणि त्यापुढचं बदलतं. काही सेकंद उशिरा दिसतं, पण सलग. लोडलेव्हल त्याहून आळशी, भरलेलं सगळं संपेपर्यंत जुनंच दाखवतं. तुमच्या १०७ सेकंदांच्या बफरवर लोक म्हणतील मेनू चालत नाही. तिन्हींना उणे १ दिलं की परत ऑटो.

मेनूवरचं नाव लेव्हल_स्विच्ड आल्यावर बदला, लेव्हल_स्विचिंगवर नको. स्विचिंग म्हणजे नुसती मागणी, चित्र अजून जुनंच असतं. आणि ० म्हणजे ३६० असं कोडमध्ये पक्कं करू नका. एचएलएस.जेएस दर्जे स्वतःच्या क्रमाने लावतं, तुमच्या प्लेलिस्टच्या नाही. लेव्हल्समधली हाइट वाचूनच नाव लावा.

---

अर्धविराम

करंटलेव्हलच होतं. नेक्स्टलेव्हल केलं, गोठणं गेलं. एन्कोडिंग आजपासून नव्याने लावतो, जुन्या व्हिडिओंना वेळ लागेल.

जुन्या आयफोनवर दर्जाचा मेनू दाखवायचा झाला तर?

---

पडद्यामागे

तिथे लपवा. व्हिडिओ टॅगला प्लेलिस्टचा पत्ता थेट दिला की दर्जा निवडायची सोय जावास्क्रिप्टला मिळत नाही. फार तर प्रत्येक दर्जाची स्वतंत्र प्लेलिस्ट देऊन सोर्स बदलता येईल आणि करंटटाइम परत लावता येईल, पण त्यात गोठणंही आलं आणि ऑटोही गेलं. मी करणार नाही.

फक्त ओळखताना क्रम उलटा नको. आधी एचएलएस.जेएसचं इझसपोर्टेड (इथे ही लायब्ररी चालेल का) विचारा, ते नाही म्हणालं तरच कॅनप्लेटाइप (ब्राउझर स्वतः हे चालवेल का). अँड्रॉइडवरचं क्रोमसुद्धा एचएलएसला 'मेबी', म्हणजे कदाचित चालेल, म्हणतं. कॅनप्लेटाइप आधी विचारलंत तर त्या सगळ्या फोनवरूनही तुमचा मेनू गायब होईल.